नऊशे वेलींचा फुलोरा

कातो आंबेली
१७ जानेवारी १९९९

मिलित्सा,

तुझं पत्र आणि सोबतचं मुखत्यारपत्र मिळालं. पाकीट पिएरीसच्या कॉफीच्या दुकानात येऊन पडलं होतं, आणि माझ्या हातात देण्याआधी त्याने ते सगळ्या दुकानाला दाखवलं. "हाम्बीस, ऑस्ट्रेलियाचा शिक्का आहे! लेकीला बापाची आठवण झाली रे!" मी तिथे ते फोडलं नाही. घरी आणलं, चूल पेटवली, चष्मा पुसला आणि मग वाचलं. पाच ओळी, आणि त्यातल्या तीन वकिलाच्या.

तर द्राक्षांचं रान विकायचं. लिमासोलचा तो माणूस डोंगरावर सुट्टीची घरं बांधतो आहे, त्याला द्यायचं, तुझ्या वतीने मी सही करायची, आणि याबद्दल तुला पुन्हा काही विचारायचं नाही. बरं. रान तुझंच आहे. जमिनीच्या कचेरीत मीच ते माझ्या हाताने तुझ्या नावावर केलं. लोक लेकीला लग्नात घर बांधून देतात, मी तुला रान दिलं, कारण तुला घर नको होतं. नवराही नको होता, पण तो विषय राहू दे.

एकच मागणं आहे. हंगाम होईपर्यंत थांब. ऑक्टोबर लागला की सही करतो. का, ते विचारू नकोस. म्हातारा हट्टाला पेटलाय असं समज आणि सोडून दे.

तू लिहितेस, त्या रानात काही धरत नाही हे आपण दोघांनी पाहिलं आहे. पाहिलं ना. दोन वर्षं लागोपाठ ऐन मे महिन्यात गार वारा सुटला आणि फुलोरा गळला. डोंगरावर असं होतं. हवामानापुढे तुझी माझी काय मात्रा?

पुढच्या महिन्यात तुझ्या आईला जाऊन वर्ष होईल. प्रसादाचे गहू पिएरीसची बायको शिजवून देणार आहे. मला विचारत होती, डाळिंबाचे दाणे किती घालायचे, बदाम किती. मला काय ठाऊक? चाळीस वर्षं माझ्या रोधूने केलं आणि मी खाल्लं.

मामाला नमस्कार सांग. फोन केला की तो दर वेळी म्हणतो, "मिलित्सा बाहेर गेलीय." ॲडलेडमध्ये घरात बसायची पद्धत नाही वाटतं.

तुझा बाप,
हाम्बीस


४ एप्रिल १९९९

मिलित्सा,

कार्ड मिळालं. "ऑक्टोबर. त्यानंतर नाही." तीन शब्द आणि मागे कांगारू. पिएरीसने कांगारू भिंतीवर लावायला मागितला. दिला नाही.

छाटणी मार्चमध्येच संपवली. पाठ दुखते, रात्री झिवानिया दारू चोळतो, थोडी पोटात जाते. तुझ्या रानाचे दगडी बांध दोन ठिकाणी ढासळले होते, ते लावून घेतले. विकायच्या रानाचे बांध कशाला लावतोस, असं पिएरीस विचारत होता. घरं बांधणाऱ्यालाही बांध लागतात, असं सांगितलं त्याला.

गावात आता मावरोची वेल शोधावी लागते. मी तरणा होतो तेव्हा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत मावरोचाच होता. लिमासोलच्या मोठ्या कारखान्याच्या दारात आमचे ट्रक दोन-दोन दिवस उन्हात रांगेत उभे असायचे. द्राक्षं तिथेच उकळायला लागायची, पण चव कोण विचारतो? वजन करायचे आणि ओतून घ्यायचे. सगळी वाइन रशियाला जायची. मग तो रशियाच उरला नाही, आणि जे सरकार मावरो लावा म्हणत होतं तेच मावरो उपटा म्हणायला लागलं, वर त्यासाठी अनुदान द्यायला लागलं. लोकांनी उपटली. काहींनी फ्रेंच वेली लावल्या, ज्यांची नावं त्यांना अजून धड उच्चारता येत नाहीत. काहींनी काहीच लावलं नाही आणि मुलांकडे शहरात गेले. पिएरीसनेही गेल्या हिवाळ्यात शेवटच्या चार ओळी काढल्या आणि दुकानात दुसरं टेबल घातलं.

त्या धांदलीत तू फ्रान्सहून शिकून आलीस आणि म्हणालीस, मावरोही नको आणि फ्रेंचही नको. "बाबा, आपल्याकडची जुनी माराथेफ्तिको लावू या." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते तुला खोटं करून दाखवायचं होतं. अख्खा हंगाम तू म्हाताऱ्यांच्या रानांतून हिंडलीस. चाखत होतीस, वासरांना बांधतात तशा लाल फिती बांधत होतीस. कुणाच्या रानात दोन वेली, कुणाच्या सात, सगळ्या इतर वेलींच्या गर्दीत. त्यांच्या काड्या तू हिवाळ्यात गोळा केल्यास. ते मला आवडलं होतं. तेव्हा बोललो नाही.

आवडलं नाही ते दुसरं. फेब्रुवारी त्र्याण्णवमध्ये मी हर्नियासाठी लिमासोलच्या दवाखान्यात सहा दिवस होतो. बसमधून उतरलो तर वळणावरूनच रान दिसलं. लाल माती, सपाट. माझ्या बापाने लावलेली मावरो मुळांसकट ढिगाला लागली होती. बुलडोझर परत गेलासुद्धा होता. तू ढिगाशेजारी उभी होतीस आणि म्हणालीस, "बाबा, तुम्हाला बघायला लागू नये म्हणून आधीच उरकलं."

रान तुझ्या नावावर होतं. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीस. समजतं मला. पण विचारलं नाहीस.

आईचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. पुरायच्या वेळी तू पोचली नाहीस, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. इथे दुसऱ्या दिवशीच पुरतात, तिकीट कुठून मिळणार होतं? शिवाय खरं सांगायचं तर मी फोनच तिला पुरून आल्यावर केला. आधी केला असता तर तू विचारलं असतंस, ती शेवटी काय म्हणाली.

बाबा


२३ मे १९९९

मिलित्सा,

फुलोरा धरला.

पत्राची सुरुवात अशी करू नये, पण आठ दिवस मी हे एक वाक्य तोंडात घेऊन हिंडतो आहे आणि सांगायला घरात कोणी नाही. काल आणि आज पुन्हा ओळीओळीने बघून आलो. तुझ्या वेलींवर मोहरीएवढे मणी धरले आहेत. सगळीकडे नाहीत, काही घड विरळ आहेत, पण धरले आहेत. वाऱ्याने हलवून पाहिले. बोटाने हलवून पाहिले. गळत नाहीत.

यंदा हवामान चांगलं होतं, असं लिहिणार होतो. तसं एक पत्र लिहिलंही होतं. चुलीत घातलं.

मिलित्सा, हवामानाचा काही संबंध नव्हता. माराथेफ्तिको एकटी फळत नाही. तिचं फूल नुसतं बाईचं फूल आहे. बाकीच्या वेलींच्या फुलात तुरे ताठ उभे असतात, हिच्या फुलात ते मान खाली घालून असतात, त्यांच्यात जीव नसतो. शेजारी दुसऱ्या जातीची वेल लागते, त्याच दिवसांत फुलणारी. आमची जुनी माणसं तिच्याजवळ स्पूर्तिको लावायची. ती पांढरी, पातळ सालीची, पावसाच्या दोन थेंबांनी फुटणारी, वाइनच्या कामाची नाही. तिला का ठेवतात, असं मी लहानपणी बापाला विचारलं होतं. तो म्हणाला, "नवऱ्याला रूप कशाला पाहिजे?" म्हणून तुला प्रत्येक रानात ती दोन इथे, तीन तिथे दिसली. नऊशे एकत्र कुणीच लावल्या नव्हत्या. तू लावल्यास. आणि तुझ्या कडेच्या ओळीला थोडे मणी धरायचे, आठवतं? त्या बाजूला पिएरीसची मावरो होती.

तुझ्या पुस्तकांत हे नव्हतं, कारण ही वेल पुस्तकांत नव्हती. आपल्या स्वयंपाकघरात होतं. ज्या दुपारी तू जेवताना म्हणालीस, "नऊशे लावते, नुसती माराथेफ्तिको, एकही दुसरी नाही," तेव्हा माझ्या तोंडात ऑलिव्ह होतं. रोधूने माझ्याकडे पाहिलं. मी बी थुंकलं आणि आणखी भाकरी मागितली.

त्या दिवशी आणि पुढची चार वर्षं मी मूग गिळून बसलो. रोधू म्हणायची, "सांग तिला." मी म्हणायचो, "विचारू दे की. बुलडोझर आणताना विचारलं होतं का?" माझ्या बापाच्या वेली तू मला न विचारता उपटल्यास, तर माझ्या बापाचं शहाणपण मी तुला न विचारता कशाला देऊ? असा माझा हिशेब होता. तुला अद्दल घडेल, तू येशील, विचारशील, मग मी सांगेन, असं वाटायचं. तू विचारलं नाहीस.

शेवटच्या सकाळी रोधूला श्वास पुरत नव्हता, तेव्हाही ती तेच दोन शब्द बोलली. सांग तिला. म्हणून मी फोन उशिरा केला.

तिला पुरल्यावर महिन्याभरात मी कलमं केली. पाद्रीबाबांच्या परसात स्पूर्तिकोची एक म्हातारी वेल आहे, तिच्या काड्या आणल्या. तुझी दर आठवी वेल गुडघ्याखाली कापली, खोडात चीर पाडली, काडी बसवली, बांधली. एकशे दहा. तुझ्या वेली तुला न विचारता कापल्या. बैल गेला नि झोपा केला, पण केला. त्या कलमांना यंदा पहिल्यांदा फुलं आली.

म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांब म्हणालो होतो. तुला घड दाखवायचे होते. मान्य करायला शब्दांपेक्षा घड सोपे वाटले.

बाबा


८ ऑगस्ट १९९९

मिलित्सा,

मेच्या पत्राला उत्तर नाही. मागत नाही.

शुक्रवारी चर्चमध्ये रूपांतराचा सण होता. गावातून द्राक्षांच्या टोपल्या आल्या नेहमीसारख्या, पण यंदा निम्म्या बाजारातल्या, बिनबियांच्या, प्लॅस्टिकच्या डब्यांतल्या. पाद्रीबाबा त्यांच्यावरही पाणी शिंपडतात, देवाला सगळी सारखी. मी तुझ्या रानातला एक घड नेला. अजून निम्मा हिरवा आहे, निम्म्याने रंग धरला आहे, आंबट ढाण. टोपलीत ठेवला तर बायकांनी माना वळवल्या.

"ही कुठली रे, हाम्बीस?" पिएरीसची बायको.

"माराथेफ्तिको. मिलित्साच्या रानातली."

"मिलित्साच्या रानात? तिथे तर नुसती पानंच यायची ना!"

"आता घड येतात."

"मग बिचारी थांबली असती तर!" ती म्हणाली, आणि तिला वाटलं ती चांगलं बोलते आहे. मी मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. पाद्रीबाबांनी घडातला एक काळा मणी खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "अजून चाळीस दिवस."

बाहेर एक चाळिशीचा माणूस भेटला, नेओफितोस. लिमासोलच्या बँकेतली नोकरी सोडून वरच्या वाटेवरचं रान घेतलं आहे त्याने. पायात पांढरे बूट, डोक्यावर गवताची हॅट, पिएरीस त्याला "साहेब शेतकरी" म्हणतो. कॉफी पिताना उत्साहाने सांगत होता की जुनी जात पुन्हा जोरात आहे, हॉटेलवाले मागतात, परदेशी लोक मागतात, गेल्या वर्षी त्याने दोन हजार वेली लावल्या. मी विचारलं, कसली? म्हणाला, माराथेफ्तिको. नुसती माराथेफ्तिको.

मिलित्सा, त्याने मला काही विचारलं नव्हतं. कॉफी संपवून तो उठलाही होता. मी त्याच्या मागे चढावर पळालो, या वयात, सणाच्या कपड्यांत. गाडीचं दार धरलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने खिशातली वही काढून लिहून घेतलं. मग तुझ्या रानात आला, स्पूर्तिकोची कलमं पाहिली, हात लावून पाहिली. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "काका, तुम्ही मला वाचवलंत. हे तुम्ही किती जणांना सांगितलंय?"

"तूच पहिला," मी म्हणालो.

त्यानंतर जेवण गेलं नाही. परक्या माणसाला, पांढऱ्या बूटवाल्याला मी एका कॉफीत सांगितलं.

बाबा


५ सप्टेंबर १९९९

मिलित्सा,

मेच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं आहे. तुझ्या लक्षात आलं असेल, म्हणूनच तू उत्तर दिलं नसावंस. मी महिनाभर त्या वाक्याभोवती हिंडतो आहे. लिहिलं होतं, तू विचारलं नाहीस.

तू विचारलं होतंस.

सत्त्याण्णवचा मे. दुसऱ्या वर्षीचा फुलोरा गळला ती सकाळ. तू खालच्या बांधावर उभी होतीस आणि तुझ्या ओंजळीत गळलेली फुलं होती. हिरवट पिवळी, धुळीसारखी. मी वरून पाण्याचा कॅन घेऊन आलो. तू म्हणालीस, "बाबा, मला कळत नाहीये. मी सगळं करून पाहिलं. तुम्ही पन्नास वर्षं वेली पाहताय. काय चुकतंय? सांगा ना."

तुझा आवाज अजून कानात आहे. लहानपणी काटा रुतला की यायचीस, तसा.

आणि मी काय म्हणालो? "का? फ्रान्समध्ये शिकवलं नाही वाटतं?"

तू ओंजळ उघडलीस, हात झटकलेस आणि घराकडे गेलीस. मी कॅनमधलं पाणी प्यालो. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, मिलित्सा. हेच मला कुणाजवळ कबूल करता येत नाही, पाद्रीबाबांजवळही नाही. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न आला आणि मी तो लाथाडला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. घर जळून गेलं, पीळ तेवढा उरला.

आता रानात घड पूर्ण काळे झाले आहेत. रोज संध्याकाळी जातो. मणी तोंडात टाकला की दातांना रंग चढतो. तुला जे चाखायचं होतं ते मी एकटाच चाखतो आहे. गोड लागत नाही असं लिहिणार होतो, पण पुन्हा खोटं कशाला? फार गोड लागतं.

माफी माग असं रोधू म्हणाली असती. मागतो. मला माफ कर.

बाबा


२ ऑक्टोबर १९९९

मिलित्सा,

तुझं पत्र गेल्या सोमवारी आलं. पिएरीसने या वेळी कुणाला दाखवलं नाही. माझं तोंड बघून नुसतं टेबलावर ठेवलं आणि कॉफी करायला आत गेला.

इतक्या वेळा वाचलंय की न बघता लिहू शकतो. "बाबा, मला माहीत होतं. त्याच जूनमध्ये आईने सांगितलं. तिने मला शपथ घातली, की तुम्ही स्वतः सांगाल तोवर मी गप्प राहायचं, कारण तुम्ही सांगाल याची तिला खात्री होती. स्पूर्तिकोचं कलम करायला मलाही येत होतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी मी तुमच्यासमोर कॉफी घेऊन बसले. रोज वाटायचं, आज सांगतील. मी फुलांसाठी गाव सोडलं नाही. रान विका."

त्या सकाळी मला आठवतात. तू चार महिने माझ्यासाठी कॉफी करत होतीस, बिनसाखरेची, मला लागते तशी, आणि माझा कप होईपर्यंत उठायची नाहीस. मला वाटायचं, पोरगी आता नरमली. मी खुशीत असायचो. एकदा तर तू म्हणालीसही, "आज काही बोलायचंय का, बाबा?" मी म्हणालो, "गंधकाची पोती संपलीत."

सही केली. काल सकाळच्या बसने लिमासोलला गेलो, तू सांगितल्याप्रमाणे केलं. त्या माणसाला रान एक नोव्हेंबरला मिळेल. चांगला आहे स्वभावाने. म्हणाला, वेली दिसायला छान आहेत, दोन-चार अंगणात शोभेला ठेवीन. मी त्याला सांगितलं, ठेवायच्या तर जोडीने ठेव, एक काळी आणि तिच्याजवळ एक पांढरी. त्याने विचारलं नव्हतं. आता मी कुणी विचारायची वाट बघत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही सांगितलं, ती गुडघ्याच्या डॉक्टरकडे चालली होती.

त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तोडणी केली. पहिली आणि शेवटची. मी, पिएरीस, त्याची बायको आणि नेओफितोस. त्याने या वेळी जुने बूट घातले होते. अकरा करंड्या भरल्या. नऊशे वेलींना अकरा म्हणजे काहीच नाही, तुला ठाऊक आहे. पण पिएरीसच्या बायकोने एक घड उन्हात उचलून धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. माझे हात मनगटापर्यंत काळे झालेत. मावरोने जन्मात कधी असे केले नव्हते. काल कचेरीत कागदावर अंगठ्याचा डाग पडला, कारकून रागावला. तुझ्या सहीच्या जागी माझी सही आहे आणि तिच्याखाली तुझ्या द्राक्षांचा डाग आहे.

नेओफितोसला कलमाच्या काड्या हव्यात, पण पानं गळल्याशिवाय काड्या घेता येत नाहीत आणि पानं गळायच्या आत बुलडोझर येणार. त्याला पाद्रीबाबांचं परस दाखवलं. तुझ्या त्या लाल फिती अजून दोन-तीन रानांत आहेत, उन्हाने पांढऱ्या पडल्यात. त्याही दाखवल्या.

काल बसमधून उतरलो तो थेट तळघरात गेलो आणि द्राक्षं तुडवली. रोधूच्या मोठ्या दगडी हौदात आहेत, रस आणि साली एकत्र. आज सकाळी कान लावला तर आत बारीक आवाज सुरू झाला आहे.

आता मला एक अडचण आली आहे. मावरोची वाइन मी डोळे मिटून करतो. साल पातळ, दोन-तीन दिवसांत गाळायची. ही जाड सालीची. माझ्या बापाने ही कधी वेगळी केली नाही, सगळ्यांबरोबर टाकायचा. जास्त ठेवली तर कडू होईल आणि लवकर काढली तर तुला जे हवं होतं ते सालीतच राहून जाईल. पिएरीस म्हणतो तीन दिवस, पण पिएरीसला वाइन प्यायची कळते, करायची नाही. नेओफितोस म्हणतो पुस्तकात बघतो. मला पुस्तक नको.

मी आयुष्यात कुणाला वाइनबद्दल काही विचारलेलं नाही. बापालाही फक्त ती एक स्पूर्तिकोची गोष्ट विचारली होती, सात वर्षांचा असताना.

पत्र पोचायला दहा दिवस लागतात, उत्तर यायला दहा. रस एवढा थांबत नाही. म्हणून उद्या रविवारी सकाळी, चर्चच्या आधी, मी फोन करणार आहे. तुझ्याकडे दुपार असेल. मामा उचलेल आणि म्हणेल, मिलित्सा बाहेर गेलीय. मी म्हणेन, थांबतो. फोन कानाला धरून थांबेन. तू आत बसलेली असलीस तर तुलाही ते ऐकू जाईल.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू फोनवर आलीस की नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत असेल. मला आत्ता माहीत नाही. रान परत मागत नाही, तुलाही परत मागत नाही. जे उद्या विचारायचं आहे ते इथे लिहून ठेवतो, कारण उद्या जीभ वळली नाही तर निदान कागदावर तरी असावं.

सालींवर रस किती दिवस ठेवायचा, मिलित्सा? मला कळत नाहीये. सांग ना.

बाबा